डायवर म्हंजे डायवर

माझा चुलता लढाईत मेला नाही. लढाईच्या काळात मेला. या दोन वाक्यांतला फरक ज्यांना कळत नाही, किंवा कळूनही मान्य करायचा नाही, अशा माणसांनी आमच्या गावात वर्षानुवर्षं त्याच्या मरणावर आपल्या मिशा वाढवल्या. हे त्यांच्याविषयी आहे. गोड लिहायचा माझा विचार नाही.

गाव आमचं सांगोल्याच्या पलीकडं, माणदेशाला टेकलेलं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. चुलता माझ्या वडिलांहून थोरला. तो गेला तेव्हा मी लहान होतो, त्यामुळं त्याच्या आठवणी मोजक्याच आहेत. ओल्या घोंगड्याचा वास. दातांत काडी धरून बोलायची खोड. आणि बिथरलेल्या जनावराजवळ जाऊन त्याच्याशी हळू आवाजात भांडायची पद्धत. "काय रं, कुनाचं खातूस तू? माझंच की? मग?" असं तो मेंढ्याला विचारी, आणि मेंढा खरोखर खजील झाल्यासारखा मान खाली घाली. लोक म्हणत, याला मंत्र येतो. मंत्रबिंत्र काही नव्हता. जनावरापाशी त्याला वाचा फुटे आणि माणसापुढं ती बसे, एवढंच.

माणसापुढं वाचा बसणाऱ्याला माणसं बरोबर हेरतात. जर्मनच्या लढाईच्या शेवटाशेवटाला सरकारला माणसं कमी पडू लागली, आणि गावोगावच्या पाटलांना भरतीला माणसं द्यायचा हुकूम आला. आमच्या पाटलाला स्वतःची दोन तरणीताठी पोरं होती. भरतीचा सुभेदार आला त्या दिवशी त्यांतलं एक लंगडत होतं आणि दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. सुभेदाराची पाठ वळल्यावर दोघंही शेजारच्या गावी कुस्त्यांना गेले, आणि बहिऱ्यानं म्हणे हलगीच्या तालावर शड्डू ठोकला.

माझ्या चुलत्याच्या पाठीवर पाटलानं चावडीपुढं, चारचौघांत हात ठेवला. "जनावराचंच काम हाय गड्या. हितं मेंढरं, तितं खेचरं. बंदूक तुला कोन देतंय?"

एवढ्यावर तो गेला. आमच्याकडं सांगतात, भोळा होता. मला तो शब्द पटत नाही. पाठीवर मोठ्या माणसाचा हात पडला की विरघळायचं, याला मी भोळेपणा म्हणत नाही, मूर्खपणा म्हणतो, आणि आमच्या लोकांत तो पिढ्यान् पिढ्या वाटून खाल्ला तरी संपलेला नाही. पाटील मात्र त्या दिवशी चुकून खरं बोलला होता. बंदूक चुलत्याला कुणी दिली नाही. खेचरांच्या पलटणीत घातलं, इराकात बसऱ्याला नेलं, आणि तिथं तापानं की हगवणीनं तो गेला. सरकारनं कळवलं ते 'रोगाने' एवढंच. लढाई संपल्यावर त्याच्या नावचं एक मेडल आलं, ते त्याच्या बायकोनं ठेवून घेतलं.

निरोप सांगायला तालुक्याचा कारकून आला होता. चुलत्याच्या नावाआधी तो 'ड्रायव्हर' असं म्हणाला. खेचरं हाकणाऱ्या शिपायाला फौजेत ड्रायव्हर म्हणतात. गावानं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

"डायवर म्हंजे काय वो?" कुणीतरी विचारलं.

कारकुनालाही माहीत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' असं म्हणणारा कारकून अजून जन्माला यायचा आहे. "मोठा हुद्दा असतो," तो म्हणाला.

मोठा हुद्दा! गाव काही वर्षं त्या शब्दाकडं बंद पेटीसारखं बघत बसलं. मग सोलापुराकडून सर्व्हिस मोटार सुरू झाली. खाकी कोट घातलेला, तोंडात विडी, रबरी भोंगा दाबत पोरांना आणि कोंबड्यांना सारखंच हाकलणारा एक माणूस त्या मोटारीत पुढं बसायचा, आणि त्याला सगळे डायवर म्हणायचे. झालं. पेटी उघडली. मी सोलापूरच्या हायस्कुलात असताना चुलता बसऱ्याला मोटार हाकू लागला. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्या मोटारीत लाटसाहेब बसू लागला. मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि इकडं मोटारीवर तोफेचा गोळा पडला. मेलेल्या माणसाला इतकी भराभर बढती मिळते हे जिवंतपणी कळलं असतं तर तो गेलाही असता हसत.

यात लपलेलं असं काहीच नव्हतं, हे ध्यानात घ्या. खेचरांच्या कामाला तो गेला हे चावडीवरच्या प्रत्येकानं कानांनी ऐकलेलं. ज्यानं पाठवला त्यालाही ठाऊक. पण खेचरं हाकताना हगवणीनं मेलेला मेंढपाळ गावाला नको होता. डायवर पाहिजे होता.

तोपर्यंत आम्ही गाव सोडलं होतं. वडील सोलापुरात गिरणीला लागले. जमिनीतला वाटा त्यांनी कधी मागितला नाही. भाऊबंदांपुढं तोंड उघडायचा त्यांना कंटाळा होता, की धास्ती होती, कोण जाणे. शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही राहत होतो, आणि चुलत्याची बायको आमच्यातच. तिला मी थोरली आई म्हणत असे. ती शेजारच्या तेलुगू बायकांत बसून विड्या वळायची, त्यांच्या तेलुगूत त्यांच्याशी भांडायची, आणि आपल्या नवऱ्याविषयी कुणाशीच काही बोलायची नाही. वर्षातून एक दिवस सोडून.

तो दिवस दसऱ्याचा. आमच्यात घरातली माणसं गेली की त्यांचे चांदीचे टाक करतात. बोटाच्या दोन पेरांएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेलं माणूस. ते देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसतं आणि सणावाराला देवांच्या बरोबरीनं त्याला न्हाऊ घालून निवद दाखवतात. आमच्या भाऊकीचा देव्हारा गावात, थोरल्या भाऊबंदाच्या घरी. त्याला सगळे तात्या म्हणत. दसऱ्याला आम्ही गावी जायचो. आजा, आजी, पणजा, सगळे हळदीच्या पाण्यानं न्हाऊन ओळीनं बसायचे. चुलत्याचा टाक तेवढा नव्हता.

का नव्हता? तर तापानं गेलेल्याचा साधा टाक करायला भाऊकी तयार नव्हती. गावभर डायवर म्हणून मिरवलेला माणूस देव्हाऱ्यात नुसता हात जोडून उभा कसा करायचा? वीर करायचा म्हटलं तर घोडा, तलवार, आणि गावजेवण. ते घालायला कुणी पुढं येईना. म्हणून मग काहीच नाही. दरसाल तात्या म्हणायचा, "बघू की म्होरल्या साली."

आणि परतीच्या वाटेवर थोरली आई दरसाल एकच बोलायची. "समदी जेवली. माझं मानूस दाराभाईर उपाशी हाय."

वडील यावर काही बोलत नसत. मीही नाही. तेव्हा मी नव्या विचारांचा होतो आणि पत्र्यातला माणूस जेवतो यावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण तिचा होता, आणि तिच्या खाणाऱ्याला दाराबाहेर बसवणारी माणसं कोण होती? ज्यांना स्वतःच्या पंगतीत एक पान कमी झालेलं चालत नसे ती.

मी बी. ए. होऊन सोलापुरात मास्तर झालो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पाटील आमच्या खोलीवर आला. आयुष्यात पहिल्यांदा. धोतराचा सोगा झटकून घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला.

"काय बी. ए. सायेब, वळख हाय का गरिबाची?"

हा माणूस माझ्या बापाला 'ए' म्हणून हाक मारायचा. परीक्षा मी दिली आणि अहोजाहो शिकला तो.

"चावडीवर संगमरवरी दगड बसवायचा हाय," तो म्हणाला. "लढाईचा. कलेक्टरसायेब येनार. त्याच दिशी सकाळी तुमच्या चुलत्याचा टाक बसवू, हलगी लावून. चांदी माजी, जेवान माजं. सोनाराला आत्ताच सांगून आलोय."

थोरल्या आईच्या हातातली विडी वळायची थांबली.

"तुमी फकस्त विंग्रजीत चार वळी लिवा. सायबाला वाचून दावायला. गावचा पयला डायवर. मोटारीवर गोळा पडला तरी चाक सोडलं न्हाय. आसं कायतरी जोरकस."

"पाटील, फौजेत ड्रायव्हर म्हणजे खेचरं हाकणारा," मी म्हणालो. "तुम्हीच त्याला त्या कामाला पाठवलंत."

"ते तुमच्या बुकात. हितं डायवर म्हंजे डायवर."

"आणि तो तापानं गेला."

"आरं, तापानं गेल्याला कलेक्टर कशाला यील?" अहोजाहो एका वाक्यात संपलं. "तुज्या चुलत्याला मी वर काडतोय, आन् तू त्येला खेचरामागं हुबा करतूस व्हय?"

मी लिहिणार नाही म्हणून सांगितलं. पाटलानं थोरल्या आईकडं बघितलं. "ऐकलंस का बाई? तुज्या मान्साचा टाक हुतोय, आन् ह्यो शिकल्याला आडवा येतोय." दाराशी जाऊन वळून म्हणाला, "मेडल तेवढं घासूनपुसून आना. सायबाम्होरं मांडायचं हाय." आणि गेला.

मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल. इतकी वर्षं जे मागत होती ते दारात चालून आलं होतं आणि मी व्याकरण काढलं होतं. ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून म्हणाली, "चल. सोनाराकडं जाऊ. काय करतोय बघू तर खरं."

सोनार म्हातारा, बोलका. त्यानं टाकाचे पितळी साचे आमच्यापुढं मांडले. घोड्यावरचा खंडोबा, देवी, जोडपं, आणि घोड्यावर बसलेला तलवारवाला वीर. "पाटील मोटार काढा म्हणत होते," तो हसून म्हणाला. "मी म्हटलं, मोटारीचा साचा आमच्या आजानं करून ठेवला नाही. मग म्हणाले, घोडा चालंल."

थोरली आई वाकून साचे बघत होती. "खेचर हाय का?"

"खेचर? अहो, खेचरावर कुठला देव बसतो, बाई?"

"देव न्हाय. आमचं मालक."

सोनारानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

"घोड्यात आन् खेचरात फरक काय असतोय वो, दादा?" तिनं विचारलं.

"आता काय सांगू... कान. कान लांब असतात."

"मग कान लांबवा की."

म्हातारा मोठ्यानं हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की समोरची बाई हसत नाही. त्यानं चष्मा पुसला, वीराचा साचा उचलून घोड्याच्या डोक्यावर नख फिरवलं. "व्हईल," तो म्हणाला. "बारीक पोगरानं मागून ठोकून उठवता येईल. तलवार?"

"काठी करा."

"पण तो वर बसलाय," मी म्हणालो. "खेचरं हाकणारा बसत नाही, लगाम धरून पुढं चालतो." खोटं दुरुस्त करायचं तर पुरतं करावं, असं माझं म्हणणं.

"बसू दे," ती म्हणाली. "चालून चालून पाय मोडलं आसत्याल त्याचं."

मग तिनं कनवटीची गाठ सोडली आणि मेडल सोनारापुढं ठेवलं. चांदीचं होतं. एका अंगाला बादशहाचं डोकं. "ह्यातनंच करा. पाटलाची चांदी पाटलाला द्या."

"बाई, सरकारी हाय हे!" सोनार घाबरला.

"मला दिलंय. मानूस घिऊन दिलंय."

सोनार माझ्याकडं वळला. "मास्तर, तुम्ही शिकलेले. बादशहाचं डोकं वितळवलं तर काही कलम लागतं का?"

मला कायद्यातलं अक्षर माहीत नव्हतं. "मी बी. ए. आहे," मी म्हणालो. "मी सांगतो, वितळवा." त्या पदवीचा इतका थेट उपयोग मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही फारसा नाही.

ठरल्या दिवशी आम्ही टाक घेऊन गावी गेलो. तात्याच्या दारात हलगी कडकडत होती. पाटील फेटा बांधून उभा. आत पाट मांडलेला, हळदीचं पाणी तयार. थोरल्या आईनं फडक्यातून टाक काढून पाटावर ठेवला. तात्यानं तो उचलला, उजेडाला धरला, डोळे बारीक केले.

"ह्ये काय? गाढव?"

हलगी थांबली.

"खेचर हाय," ती म्हणाली.

"गाढव हाय हे! वीराला गाढवावर बसवलं! धिंड काडायची हाय का भाऊकीची? आन् हातात काय, काठी? तलवार कुटं गेली?"

"त्यानं तलवार कवा धरली हुती, तात्या? तुमी बगितली हुती?"

पाटलाला या वादात रस नव्हता. "ते ऱ्हाऊ दे. मेडल कुटं हाय? सायेब येतोय."

"ह्ये काय," थोरल्या आईनं टाकाकडं बोट केलं. "ह्यातच हाय."

हे पाटलाच्या ध्यानात यायला वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा फेट्याखालचं तोंड पिठासारखं झालं. "राजाचं डोस्कं वितळवलं? बये, माजी पाटीलकी जाईल की! सायबानं इचारलं तर काय सांगू?"

"सांगा, राजा खेचराच्या पोटात बसलाय म्हनून. बाहीर यायचा न्हाय आता."

कुणीतरी बाई खुदकन हसली. तेवढ्यानं तात्याचा पारा चढला. त्यानं टाक फडक्यावर टाकला. "ह्यो हितं बसायचा न्हाय. आमच्या देवात गाढव न्हाय."

मी तोंड उघडणार होतो. माझ्याजवळ पुष्कळ वाक्यं तयार होती, चांगली होती. त्याआधी माझे वडील पुढं झाले. सगळा वेळ ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, गिरणीत भोंगा व्हायची वाट बघत उभं राहावं तसे.

"मग आमचं देव वायलं काडा," ते म्हणाले.

असं कुणी म्हणालं की आमच्यात नाही म्हणता येत नाही. जमीन अडवता येते, विहिरीचं पाणी अडवता येतं, पण वेगळा होणाऱ्याला त्याच्या आईबापाचे देव द्यावेच लागतात. नाही दिले तर गाव तोंडात शेण घालतं. आणि कलेक्टर यायच्या दिवशी तमाशा पाटलाला परवडणारा नव्हता. तोच तात्याच्या कानाशी लागला, "दिऊन टाक की बाबा, जाऊ दे त्यास्नी."

"ईस वर्सं गप हुतास," तात्या वडलांना म्हणाला. "आन् एका गाढवापायी घर फोडतूस?"

"गाढवापायी न्हाय," वडील म्हणाले. "खेचर हाय ते. वैनीनं सांगितलं न्हवं?"

आजा-आजीचा जोडटाक भंडाऱ्यात घोळवून वडिलांच्या हातात पडला. आम्ही जेवायला थांबलो नाही.

मोटारीच्या थांब्याकडं जाताना चावडी लागली. दगडावरचा पडदा निघत होता. या गावातून महायुद्धावर इतकी माणसे गेली, त्यांपैकी एक मरण पावला, असं कोरलेलं होतं. त्या एकाचं नाव नव्हतं. इतका महागडा दगड आणला आणि माणसाचं नाव घालायला जागा उरली नाही! तालुक्याच्या एका मास्तरानं लिहिलेलं इंग्रजी भाषण वाचलं जात होतं. त्यातलं एक वाक्य माझ्या कानावर पडलं, आणि त्याच्या व्याकरणाप्रमाणं मोटारीनंच माझ्या चुलत्याला हाकलं होतं. कलेक्टर टोपीनं माश्या वारत होता. मेडलविषयी त्यानं विचारलंसुद्धा नाही. पाटलाला पुढच्या सरकारी दरबारात खुर्ची मिळाली असं ऐकलं, शेवटच्या ओळीत, खांबाआड. माणूस मारून खुर्ची मिळवायची तर निदान दिसेल अशी तरी मिळवावी.

गावात अजून गोळा पडतोच आहे. मध्यंतरी कुणी सांगत होतं, आता मोटारीच्या जोडीला विमान आलं आहे. येऊ द्या. मी दुरुस्त करायला जात नाही. ज्यांना खोटं खाऊन पोट भरतं त्यांना ते वाढणारेही भेटतात.

सोलापुरात परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी खोलीच्या कोनाड्यात पाट बसवला. आजा-आजी मधोमध, त्यांच्या उजव्या हाताला चुलता. थोरल्या आईनं न्हाऊ घातलं, हळद लावली, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण ताटलीत वाढलं. शेजारची तेलुगू बाई दारात येऊन बघत होती. मी भाकरीचा तुकडा मोडून चुलत्यापुढं ठेवायला गेलो, तर थोरल्या आईनं माझा हात धरला. तिनं मुठीत भिजवलेले हरभरे आणले होते. ते तिनं त्या लांब कानांच्या जनावराच्या तोंडापुढं ठेवले.

"आदी त्याला," ती म्हणाली. "जनावर उपाशी आसलं तर आमचं मालक न्हाय जेवायचं."